‘भाकर आली गं!’

ताई, नमस्कार.

पुण्यातल्या एका कॉन्व्हेंटमधून मी १९८७ साली दहावी झाले. मुलींची शाळा, इंग्रजी माध्यम. गेल्या वर्षी आमच्या बॅचचा व्हॉट्सअॅप ग्रुप झाला. एक्केचाळीस जणी आहोत. सुरुवातीला तर फोन माझ्या हातातून सुटत नव्हता. गुडघ्यांवर बसवून स्कर्टची लांबी बघणं, मराठी बोललं की पंचवीस पैसे दंड, पी.टी.च्या दिवशी कॅनव्हासच्या बुटांना घाईघाईने खडू फासणं, सगळं एकेक करून वर आलं. एका सिस्टरांच्या हातात कायम लाकडी पट्टी असायची. बोटांच्या पेरांवर बसायची. त्यांची नक्कल आमच्यातली एक जण अजून इतकी हुबेहूब करते की तिची व्हॉइस नोट ऐकून मी ओट्याशी एकटीच हसत उभी होते.

आमच्या वर्गात सहा बोर्डिंगच्या मुली होत्या. नगर जिल्ह्यातल्या, गरीब घरच्या, कॅथलिक. शाळेच्या आवारातच सिस्टरांकडे राहायच्या. सातवीत असताना टीचरनी त्यातल्या एकीला विचारलं, सकाळी काय खाल्लंस? ती उभी राहून म्हणाली, "टीचर, आय ईट भाकर." वर्ग हसला. मधल्या सुट्टीत मी तिला ‘ए भाकर’ अशी हाक मारली आणि ते नाव तिला दहावीपर्यंत चिकटलं.

तीन महिन्यांपूर्वी कुणीतरी तिला शोधून ग्रुपमध्ये घेतलं. पहिलाच मेसेज पडला, "भाकर आली गं!" खाली हसून हसून रडणाऱ्या चेहऱ्यांची रांग. तिने जोडलेले हात टाकले. त्यानंतर आजपर्यंत एक अक्षर नाही. ग्रुप सोडूनही गेली नाही.

डिसेंबरमध्ये रियुनियन आहे. तिथे स्किट करायचं ठरलंय. सिस्टर, पट्टी आणि भाकर. लिहायचं माझ्याकडे आलंय, कारण वर्गातली विनोदी मी. दोन आठवडे लिहायला बसते आणि उठते. जवळची मैत्रीण म्हणते, "अगं, तीसुद्धा हसायची की तेव्हा." नवरा म्हणतो, चाळीस वर्षांपूर्वीचं काय उकरत बसलीस. मी ग्रुपवर सगळ्यांसमोर तिची माफी मागू का? की उगाच बाऊ करतेय? आणि त्या सिस्टर आता हयात नाहीत, त्यांच्यावर हसणंही चुकीचं आहे का?

— एक वाचक, पुणे

*

तुमचं पत्र वाचताना मी आधी हसले, हे सांगून टाकते. मीही नऊ वर्षं एका कॉन्व्हेंटमध्ये मराठी शिकवलं आहे. तुमच्या नाही, दुसऱ्या गावातल्या, पण काळ तोच. म्हणजे तुम्ही बाकावर होतात तेव्हा मी टेबलापाशी होते. स्कर्ट जमिनीला टेकतोय की नाही हे बघायला मलाही उभं करायचे. मी आपली छताकडे बघून "टेकतोय, टेकतोय" म्हणत पुढे सरकायची.

त्या शाळांमध्ये हसण्यासारखं खरंच पुष्कळ होतं. सकाळी असेंब्लीत सगळ्या पोरी एका सुरात ‘आवर फादर’ ही ख्रिस्ती प्रार्थना म्हणायच्या, आणि त्यात निम्म्याहून जास्त जोशी, शिंदे, शेख नि शहा. ‘हॅलोड बी दाय नेम’ हे पहिलीतल्यांना ‘हॅलो, बी दाय नेम’ असं ऐकू यायचं. ख्रिश्चनांच्या देवाकडे फोन आहे हा समज काही जणींचा चौथीपर्यंत टिकायचा. बारा वाजता एंजलसची, म्हणजे दुपारच्या प्रार्थनेची, घंटा झाली की गणिताच्या टीचर फळ्यावरचं समीकरण तसंच सोडून डोळे मिटायच्या. ज्यांना उत्तर येत नसायचं त्यांची भक्ती त्या एका मिनिटात सगळ्यात गाढ. कॅथलिक मुली कॅटेकिझमच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या, तासाला गेल्या की उरलेल्यांना मॉरल सायन्स. दहावीची परीक्षा जवळ आली की मात्र हा भेद संपायचा. आवारातल्या ग्रोटोसमोर, म्हणजे मारियामातेच्या गुहेसमोर, मेणबत्ती लावायला गोखल्या-कुलकर्ण्यांच्या पोरी सगळ्यात पुढे असायच्या, आणि घरी जाताना वाटेतल्या मारुतीलाही सांगून ठेवायच्या.

आणि होली पिक्चर! अक्षर चांगलं आलं, गृहपाठ वेळेवर दिला की बक्षीस म्हणून सोनेरी कडेचं, संतांचं छोटंसं चित्र. माझ्या एका विद्यार्थिनीने लिटल फ्लॉवरचं, म्हणजे संत तेरेजाचं, चित्र नेऊन घरच्या देव्हाऱ्यात ठेवलं होतं. तिच्या आजीला ती कोण, काय, काही ठाऊक नव्हतं. हातात गुलाब, चेहरा शांत, म्हणजे देवीच असणार. आजी रोज तिला हळदकुंकू वाहायची. वर्षभराने चित्र इतकं लाल झालं की लिटल फ्लॉवरच्या झग्याचा रंग ओळखू येईना.

दिवाळीच्या सुट्टीनंतर हातावर मेंदी दिसली की कॅलेंडरमध्ये शेरा. (कॉन्व्हेंटमध्ये न शिकलेल्या वाचकांसाठी: शाळेच्या डायरीला तिथे कॅलेंडर म्हणत. तारखांपेक्षा त्यात शेरेच जास्त असत.) ख्रिस्ती उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी कॅथलिक मुली कपाळावर राखेचा क्रूस घेऊन यायच्या, तो मात्र कुणी पुसायला सांगत नसे. आठवीतल्या एका मुलीने मला सरळ विचारलं होतं, टीचर, हे कसं? मी म्हटलं, बाळ, शाळा त्यांची आहे. उत्तर फारसं बरं नव्हतं, पण दुसरं मला आजही सुचलेलं नाही.

तर हे सगळं तुमच्या ग्रुपवर येऊ द्या, भरपूर येऊ द्या. यातला प्रत्येक विनोद कुणीही सांगावा आणि कुणीही हसावं असा आहे. मेंदीचा शेरा ज्या मुलीला मिळाला ती तो सगळ्यात रंगवून सांगते. तुमच्या त्या दुसऱ्या विनोदाचं तसं होत नाही. तो सांगायला एक्केचाळीसमधल्या चाळीस जणी तयार आहेत आणि जिच्याबद्दल आहे ती तीन महिने गप्प आहे. तुम्ही लिहायला बसून उठता ते यामुळेच. बाऊ वगैरे काही नाही.

मैत्रीण म्हणते तीही हसायची. हसत असेलच. साठ मुलींच्या वर्गात एकोणसाठ हसताहेत, तेव्हा साठावीने काय करावं अशी तुमच्या मैत्रिणीची अपेक्षा आहे?

पंचवीस पैशांच्या दंडाचं तुम्ही सहज लिहून गेलात, पण माझं मन तिथेच अडकलं. मराठीची टीचर असल्यामुळे तो दंड मला रोज टोचायचा. एकदा हिय्या करून मी प्रिन्सिपल सिस्टरांकडे गेले. म्हटलं, सिस्टर, फादर स्टीफन्स तुमच्याच चर्चचे, जेझुइट संघाचे धर्मगुरू, जन्माने इंग्रज. त्यांनी १६१६ साली गोव्यात मराठीत ‘क्रिस्तपुराण’ छापलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या. मराठीला त्यांनी रत्नांमधल्या हिऱ्याची उपमा दिली आहे, आणि आपण तिच्यावर पंचवीस पैसे दंड लावतो. सिस्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "फादर स्टीफन्सना एसएससीचा निकाल लावायचा नव्हता." दंड चालू राहिला. उत्तर इतकं झकास होतं की मला रागही धड येईना.

आणखी एक गंमत बघा. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ नंतर, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) लॅटिनमधून लोकांच्या भाषेत यायला लागली. आमच्या बोर्डिंगच्या मुली रविवारी मराठी मिस्सेला जायच्या, ‘नमो मारिया’ ही प्रार्थना म्हणायच्या, मराठीतून देवाशी बोलायच्या. सोमवारी त्याच आवारात, त्याच तोंडून मराठी शब्द निघाला की दंड.

तो दंड आमच्याकडे मिशन बॉक्समध्ये पडायचा. गरीब मुलांसाठी म्हणून वर्गात पत्र्याचा डबा असायचा, वर फट असलेला. खात्यापित्या घरच्या पोरींना त्या दंडाचं काही वाटत नसे. एकीने तर महिन्याचा दंड आगाऊ भरून मनसोक्त मराठी बोलायची सोय करून घेतली होती. पुढे ती वकील झाली. बोर्डिंगच्या मुलींकडे मात्र पंचवीस पैसे नसायचे. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि मराठी परवडत नव्हतं, म्हणून त्या बोलायच्याच नाहीत. स्टाफरूममध्ये आम्ही म्हणायचो, बोर्डिंगच्या मुली किती शांत आणि गुणी आहेत.

तुमच्या ग्रुपवरचे ते जोडलेले हात वाचून मला तो शांतपणा आठवला.

कॅथलिक शाळेच्या गमती सांगताना आपण एक गोष्ट सोडून देतो. त्या शाळेत आपण हिंदू मुली परक्या नव्हतो. आपले वडील फी भरत, स्नेहसंमेलनाला पहिल्या रांगेत बसत. परक्या होत्या त्या ह्या कॅथलिक मुली. नगरकडे वळण, केंदळ अशा गावांतून जेझुइटांनी काम केलं आणि तिथे ख्रिस्ती झालेल्यांत बहुसंख्य लोक गावकुसाबाहेरचे होते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले, ख्रिस्ती आजही नाहीत. म्हणजे गावाच्या लेखी जात सुटली नाही आणि सरकारच्या लेखी सुटली. अशा घरातली मुलगी शिकायची तर सिस्टरांचं बोर्डिंग हीच एक शिडी होती. तुमची वर्गमैत्रीण नेमकी अशाच घरातली होती असं मी म्हणत नाही, मला ते माहीत नाही. पण तिने ‘भाकर’ म्हटलं तेव्हा तुम्हाला एक चुकलेलं इंग्रजी वाक्य ऐकू आलं. ती तिच्या गावची बोली होती. तिकडे भाकरीला भाकरच म्हणतात. चारचौघांत तिला त्याच शब्दाने हाक मारली की तिचं घर, गाव, आई, सगळं त्यात यायचं.

आता माझं सांगते. म्हणजे मी कुठल्या उंचीवरून सल्ला देतेय असा गैरसमज नको.

पंधराएक वर्षांपूर्वी शिवाजीनगरच्या एसटी स्टँडवर नगरच्या गाडीच्या रांगेत एका बाईने मला "टीचर" म्हणून हाक मारली. आमच्या बोर्डिंगची मुलगी. सरकारी दवाखान्यात नर्स झालेली, केस पिकायला लागलेले. गाडीला वेळ होता, आम्ही चहा घेतला. मला कित्येक वर्षं एक गोष्ट खात होती. ही मुलगी निबंधात ‘व्हतं’, ‘म्या’, ‘भाकर’ लिहायची आणि मी लाल शाईने गोल करायचे. एकदा तर तिचा निबंध मी वर्गात मोठ्याने वाचला होता, चुका दाखवायला. वर्ग लोळून हसला होता. मी चहाचा कप खाली ठेवला आणि माफी मागितली.

तिने क्षणभर आठवून बघितलं. म्हणाली, "ते व्हय? ते तर सगळेच करायचे टीचर. पण तुम्ही मला सहावीत वह्या दिल्या होत्या, ते आठवतं. टेबलापाशी बोलावलं, आणि सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला सांगितल्या."

वाचकबाई, त्या वह्या मी माझ्या पगारातून आणल्या होत्या. तोपर्यंत मी ते माझ्या नोकरीतलं एक चांगलं काम म्हणून मनाशी जपलं होतं. मी काही बोलू शकले नाही. तीच हसून पुढे म्हणाली, "वह्या चांगल्या होत्या, दोनशे पानी." चहाचे पैसे तिने दिले. मी पर्स उघडली, तिने उघडू दिली नाही.

म्हणून ग्रुपवर सगळ्यांसमोर माफी मागू नका. मी वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या, तुम्ही चाळीस जणींना बदाम टाकायला लावाल. "किती मोठं मन तुझं", "रडवलंस गं", असे तीस मेसेज तुमच्यासाठी येतील. आणि तिला, जी तीन महिने मुद्दाम कोपऱ्यात बसली आहे, तिला मधोमध उभं राहून "अगं, त्यात काय एवढं" म्हणावं लागेल. सगळ्यांसमोर दुसरं काय म्हणणार? सातवीत तिने हसून निभावलं, आता ती हात जोडून निभावेल.

तुम्ही कॅथलिक मैत्रिणींना कन्फेशनला जाताना पाहिलं असेल. आपल्याला त्यांचा हेवा वाटायचा. जाळीपाशी जायचं, पुटपुटायचं, तीन ‘हेल मेरी’, म्हणजे इंग्रजीतलं ‘नमो मारिया’, म्हणायचे आणि हलकं होऊन खो-खो खेळायला यायचं. मराठी कॅथलिक त्याला पापनिवेदन म्हणतात. पण त्या जाळीपलीकडे फादर बसलेला असतो. जिची खोडी काढली ती मुलगी नसते. हलकं होण्याची व्यवस्था वेगळी केलेली आहे आणि ती शहाणपणाने केलेली आहे. तुम्हाला हलकं व्हायचं असेल तर मला लिहिलंत तेवढं पुरे. तिला जाळीपलीकडे बसवू नका. आणि ज्या मैत्रिणी फक्त हेल मेरी म्हणून पळायच्या त्यांना बहुधा कॅटेकिझममधला पुढचा भाग आवडत नसावा. त्यात असंही शिकवतात की चोरी केली असेल तर नुसतं सांगून भागत नाही, वस्तू परत करावी लागते.

तुम्ही काय घेतलं होतंत? तिचं नाव. तुमच्या पत्रात ते कुठेही नाही. गुप्ततेसाठी गाळलं असेल तर ठीकच केलंत. पण आता हा सल्ला वाचायचा थांबवून फोन उघडा आणि तिचा नंबर कोणत्या नावाने सेव्ह केलाय ते बघा. तिचं खरं नाव आणि आडनाव चटकन आठवलं तर उत्तम. नाही आठवलं तर आधी ते शोधून काढा, पण तिला विचारून नाही.

मग तिला एकटीला मेसेज पाठवा. फोन नको. फोनवर तिला तिथल्या तिथे काहीतरी बोलावं लागेल. मेसेज वाचून ती चार दिवस बाजूला ठेवू शकते. मी असा काहीसा लिहिला असता:

"(नाव), सातवीत तुला ते नाव मी पाडलं. तीन महिन्यांपूर्वी ग्रुपवर ते पुन्हा आलं, तेव्हाही मी गप्प बसले. दोन्हींची मला लाज वाटते. स्किट मी लिहितेय, त्यात ते नसेल. उत्तर द्यायलाच पाहिजे असं नाही."

बस. यात ‘तुला वाईट वाटलं असेल तर’ घालायचा मोह होईल. तो ‘तर’ काढा. ‘आपण लहान होतो’ हेही नको. ते खरं आहे, पण ते तिने म्हणायचं. आपल्या मुलांना, नोकरीला, दुखण्यांना या मेसेजमध्ये आणू नका. रडणारा चेहरा तर मुळीच नको. आणि मेहेरबानी करून ‘चल, एकदा जेवायला ये, भाकरी करते’ असलं काही लिहू नका. हसू नका, तुम्ही वर्गातल्या विनोदी आहात, तुम्हाला हे सुचणार याची मला खात्री आहे.

उत्तर आलं तर कसं येईल? दोन निळ्या खुणा होतील आणि काहीच येणार नाही, हेही होईल. ते तसंच राहू द्या, पुन्हा डिवचू नका. "अगं, मला आठवतसुद्धा नाही" असं आलं तर ते खरं धरा, खोदू नका. किंवा माझ्यासारखं होईल. ती म्हणेल, नावाचं काही नाही गं, पण तू एकदा डबा झाकून घेतला होतास. तुम्हाला तो डबा आठवणारही नाही. तेव्हा "मी असं केलं असणं शक्यच नाही" हे वाक्य जिभेवर येईल, ते गिळा.

ग्रुपवर काय करायचं ते अगदी साधं आहे. पुढच्या वेळी कुणी ते नाव घेतलं की तुम्ही खाली तिचं खरं नाव लिहून उत्तर द्या. ‘(नाव) म्हणतेस ना?’ एवढंच. व्याख्यान देऊ नका, बायका भडकतील आणि भडकल्या की मुद्दाम म्हणतील. दोनतीनदा झालं की हुशार असतील त्यांना समजेल. ज्या मैत्रिणीने ‘भाकर आली गं’ लिहिलं तिला वेगळा फोन करायला हरकत नाही. तो फोन मात्र "तू चुकलीस" म्हणून करू नका, "हे नाव मी पाडलं होतं, आता मलाच नको झालंय" म्हणून करा. नवऱ्याला काही समजावायची गरज नाही. त्यांच्या शाळेतल्या टोपणनावाबद्दल विचारून बघा मात्र. बहुधा विषय बदलतील.

आता तुमच्या सिस्टर. त्यांच्यावर हसा. गेलेल्या माणसावर हसू नये असा नियम असता तर आपल्याकडे तेराव्याच्या पंगतीत कुणी तोंड उघडलं नसतं. त्यांची चाल, त्यांचं इंग्रजी, दुरून येणारा जपमाळेचा नि किल्ल्यांचा आवाज आणि त्या आवाजाबरोबर सावरून बसणारा वर्ग, हे सगळं करा. पट्टीबद्दल मात्र जपून. तुमच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलंच असेल, त्या पट्टीमुळेच आपण घडलो. मला हे पटत नाही. आपण घडलो ते पट्टी असूनही घडलो. मारणं आणि मानसिक त्रास देणं, दोन्हींना आता २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत बंदी आहे, आणि ती असायलाच हवी होती. मी त्या काळात कधी हात उचलला नाही, पण शेजारच्या वर्गातून आवाज यायचा तेव्हा उठूनही गेले नाही.

तरी एक हिशेब करून बघा. तुम्ही सातवीत होतात तेव्हा त्या सिस्टर किती वर्षांच्या होत्या? तुम्हाला म्हाताऱ्या वाटायच्या. आमच्याकडच्या पट्टीवाल्या सिस्टर, जिला बघून दहावीच्या मुलीसुद्धा भिंतीला चिकटायच्या, ती सव्वीस वर्षांची होती. केरळातल्या खेड्यातली. अठराव्या वर्षी घर सोडून आलेली, मराठीचा गंध नाही, हिंदी मोडकी, घरी जायला मिळायचं ते कधीतरी काही वर्षांनी. साठ पोरी तिच्या पुढ्यात. रात्री कधीकधी ती चॅपलच्या पायरीवर बसून आईला पत्र लिहायची, असं बोर्डिंगच्या मुलींनी मला सांगितलं होतं. यामुळे पट्टीचा मार कमी लागतो असं नाही. पण स्किटमध्ये तिला नुसती चेटकीण करण्यापेक्षा, सव्वीस वर्षांची, घरची आठवण येणारी नि इंग्रजी व्याकरणाने पिसाळलेली मुलगी केलंत तर हशा जास्त येईल. नक्कल करणाऱ्या तुमच्या मैत्रिणीला हे जमेल असं वाटतं.

स्किट लिहायचं सोडू नका. तुम्ही नाही लिहिलंत तर दुसरी कुणी लिहील आणि त्यात ‘आय ईट भाकर’ हटकून असेल. तुमच्या हातात लेखणी आहे तोवर ती ठेवून घ्या. त्यात असेंब्ली घाला, देवाला ‘हॅलो’ करणारी पहिलीतली मुलगी घाला, मेंदी घाला, मॉरल सायन्सच्या तासाला मागच्या बाकावर डबा खाणाऱ्या पोरी घाला. आणि एक पात्र असं घाला की जी सगळ्यांना नावं पाडते. स्वतःला फार हुशार समजते, प्रत्येकीच्या इंग्रजीला हसते आणि शेवटी असेंब्लीत माइकसमोर तिची स्वतःचीच त-त-प-प होते. तुमच्या इंग्रजीची फजिती कधीतरी झाली असेलच. सातवीत नाही तर पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत. ती तिथे वापरा.

फक्त त्या पात्राचं काम तुम्ही स्वतः करू नका. स्वतःची टिंगल माणूस नेहमी जरा बेताने करतो. ते दुसरीला द्या. डिसेंबरपर्यंत तुमच्या त्या वर्गमैत्रिणीचं काही उत्तर आलं, ती रियुनियनला येते म्हणाली, आणि तालमीला येऊन बसली, तर आधी तिला विचारा.